मातीतून फेज काढायचाय? पहिल्या प्लाकवर भाळू नका

फेज म्हणजे बॅक्टेरियावर पोसणारा व्हायरस. मातीत ढिगाने असतात, पण आधी होस्ट, म्हणजे ज्या बॅक्टेरियावर तो वाढतो तो, ठरवा, कारण होस्टशिवाय तो दिसणारच नाही. प्लेटवरच्या बॅक्टेरियाच्या थरात फेजने मारून पाडलेलं भोक म्हणजे प्लाक. नवशिक्यांसाठी मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस बरा, टीबीच्या जंतूच्याच खानदानातला पण साध्या लॅबमध्ये चालणारा.

माती ओलसर घ्या, कंपोस्ट, केळीच्या बुडाची वगैरे, मे महिन्यातली भाजलेली ढेकळं नकोत. मडी नावाचा फेज तर दक्षिण आफ्रिकेत डर्बनला सडक्या वांग्याखाली सापडला, आणि पुढे २०१९ मध्ये छापून आलेल्या एका केसमध्ये तो इंग्लंडमधल्या १५ वर्षांच्या मुलीच्या उपचारात वापरला होता!

५० मिलीच्या ट्यूबमध्ये १५ मिलीपर्यंत माती, वर ३५ मिलीपर्यंत ७एच९ मीडियम (बॅक्टेरिया वाढवायचं द्रव खाद्य), तासदोन तास शेकरवर, मग सेंट्रिफ्यूज करून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. त्यात अर्धा मिली होस्ट घालून ३७ डिग्रीला दोनतीन दिवस हलवत ठेवा, परत गाळा. मीडियममध्ये १ मिलिमोलर कॅल्शियम हवंच, आणि ट्वीन (साबणासारखं द्रव्य) अजिबात नको, फेज चिकटतच नाही मग.

आता प्लेटिंग. अर्धा मिली होस्ट, १० मायक्रोलिटर सॅम्पल, दहा मिनिटं थांबा, साडेचार मिली टॉप अगार (वितळवलेली पातळ अगार जेली) घालून प्लेटवर ओता. अगार ५०-५५ डिग्रीला हवा. मी एकदा घाईत उकळता ओतला, होस्टच मेला आणि दोन दिवस कोऱ्या प्लेटकडे बघत बसलो. नुसत्या होस्टची कंट्रोल प्लेट ठेवाच, नाहीतर हवेच्या बुडबुड्याला प्लाक समजून नाचाल (हेही केलंय).

२४-४८ तासांत भोकं दिसली की खरं काम सुरू. एका प्लाकमध्ये दोन फेज असू शकतात, म्हणून एकच सुटा प्लाक टोचून बफरमध्ये, डायल्यूशन, परत प्लेट, असं किमान तीनदा, सगळे प्लाक एकसारखे दिसेपर्यंत. इथेच लोक कंटाळतात आणि पुढे डीएनए भेसळीचा निघतो. प्लाक गढूळ असेल तर फेज बहुधा टेम्परेट, म्हणजे होस्टला न मारता आत लपून राहू शकणारा.

मग प्लाकनी जाळी झालेल्या प्लेटवर बफर ओता, काही तास ठेवून गाळा, हे फेजनी भरलेलं द्रावण म्हणजे लायसेट. टायटर, म्हणजे मिलीत किती फेज आहेत ते, काढा: १० लाख पट डायल्यूशनच्या १० मायक्रोलिटरमध्ये ८४ प्लाक आले तर ८४ गुणिले १०० गुणिले १० लाख, म्हणजे मिलीला ८४० कोटी. ३० ते ३०० प्लाकचीच प्लेट मोजा.

एवढा टायटर असला की युरेनिल अॅसिटेटने रंगवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली शेपूट बघता येते, लांब लवचीक की आखूड. डीएनए काढण्याआधी लायसेटला डीएनेज (बाहेर तरंगणारा डीएनए कापणारं एन्झाइम) द्या, नाहीतर होस्टचाच डीएनए हाती येतो, आणि मग रिस्ट्रिक्शन डायजेस्ट, म्हणजे एन्झाइमने डीएनएचे ठरावीक जागी तुकडे करणं. उरलेलं लायसेट ४ डिग्रीला ठेवा, वापरलेल्या प्लेटा ऑटोक्लेव्ह करूनच टाका.