कॅनडात नव्याने आलात? इंग्रजी बोलायला अशी सुरुवात करा

मराठी माध्यमातून पदवीपर्यंत शिकलेल्या अनेकांना कॅनडात आल्यावर एकच अडचण येते. इंग्रजी वाचता येतं, अर्ज भरता येतो, पण औषधांच्या दुकानात काउंटरवर उभं राहिलं की तोंडातून वाक्य फुटत नाही. जोडीदाराच्या नोकरीमुळे आलेल्यांचं आणि मुलांनी बोलावून घेतलेल्या आईवडिलांचं तर हे हमखास होतं. घरात मराठी असते, ब्रॅम्प्टनसारख्या शहरात बाहेर हिंदी-पंजाबीवर भागतं आणि बघता बघता वर्ष सरतं. म्हणून घर लागायची वाट न पाहता पहिल्या महिन्यातच कामाला लागा.

सुरुवात कागदपत्रांपासून करा. सर्व्हिस कॅनडा या सरकारी सेवेच्या कार्यालयात जाऊन नोकरीसाठी आणि सरकारी कामांसाठी लागणारा नऊ आकडी सोशल इन्शुरन्स नंबर घ्या. हे काम ऑनलाइनही होतं, पण मी म्हणेन, प्रत्यक्ष जा आणि स्वतः बोला. आदल्या रात्री आपलं नाव, जन्मतारीख आणि पत्ता मोठ्याने म्हणून पाहा. नावाचं स्पेलिंग एकेक अक्षर सुटं करून सांगता आलं पाहिजे. इथल्या पोस्टल कोडमध्ये अक्षर आणि आकडा आलटूनपालटून येतात, तोही न अडखळता सांगता यावा. फोनवरचं निम्मं काम एवढ्यावरच होतं. नोकरी देणारी कंपनी, बँक आणि सरकारी कामं सोडली तर सोशल इन्शुरन्स नंबर कुणालाही देऊ नका.

मग भाषेची चाचणी. तुम्ही पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी असाल तर केंद्र सरकारच्या ‘लिंक’ या नवागतांसाठीच्या मोफत इंग्रजी वर्गांना जाऊ शकता. ही योजना १९९२ पासून चालू आहे. आधी ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं तपासून पातळी ठरवतात, तीही मोफत. त्यासाठी वापरतात त्या कॅनेडियन लँग्वेज बेंचमार्क या मोजपट्टीच्या पातळ्या १ ते १२ आहेत. चाचणीची पाठांतर करून तयारी करू नका. ओढूनताणून वरच्या वर्गात बसलात तर तिथेही गप्पच राहाल. वाचनात सहा आणि बोलण्यात चार, असा निकाल आपल्याकडच्या माणसाचा लागू शकतो. त्यात कमीपणा काही नाही. पर्यटक म्हणून किंवा सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांना जास्त काळ राहू देणाऱ्या व्हिसावर, आलेल्या आईवडिलांना मात्र हे वर्ग मिळत नाहीत. त्यांच्यासाठी सार्वजनिक वाचनालयांतले संभाषणाचे गट पाहा. जवळ काय आहे ते २११ या नंबरवर विचारता येतं.

वर्ग निवडताना वेळ आणि बसचा मार्ग आधी पाहा, कारण जानेवारीच्या थंडीत दोन बस बदलून जायचं असेल तर जाणं सुटतं. लहान मूल असेल तर पाळणाघराची सोय नक्की विचारा. काही केंद्रांत ती असते, पण जागा लवकर भरतात.

उच्चारांवर थोडं वेगळं काम करावं लागतं. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क हवा सोडून म्हणतात. मराठी ‘प’ लावून ‘पार्क’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला ‘बार्क’ वाटू शकतं. तोंडासमोर तळहात धरा. शब्द म्हणताना त्यावर हवेचा झोत लागला पाहिजे. व्ही म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो, डब्ल्यूला ओठांचा चंबू होतो. मराठीत दोन्हींना एकच ‘व’ असल्यामुळे हा फरक मुद्दाम घोटावा लागतो. आपली लकब पुसून टाकायची मुळीच गरज नाही. समोरच्याला कळलं की झालं.

एक कळकळीची विनंती: शाळकरी मुलांना दुभाषी करू नका. आईच्या दुखण्याची माहिती दहा वर्षांच्या मुलाने डॉक्टरांना सांगावी, हे त्या मुलावर फार मोठं ओझं आहे. अनेक रुग्णालयांत दुभाष्याची सोय असते, अपॉइंटमेंट घेतानाच ती मागा. साधी कामं मात्र स्वतः करा. दुकानात वस्तू परत करा, शाळेत फोन लावा. समजलं नाही तर सावकाश बोलायला सांगा, लोक तसं बोलतात.

वर्गाचं प्रमाणपत्र जपून ठेवा. नागरिकत्वाचा अर्ज करताना १८ ते ५४ वयाच्या अर्जदारांना बोलण्या-ऐकण्यात किमान चौथी पातळी दाखवावी लागते आणि त्यासाठी ‘लिंक’चं प्रमाणपत्र चालतं. अर्जाआधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस कॅनडात राहिलेलं असावं लागतं, तेव्हा भारतात गेल्या-आल्याच्या तारखाही त्याच फाइलमध्ये लिहीत चला.