वेस्टर्न बुलडॉग्जचे २०१६चे विजेतेपद नाशिकमध्ये बसून कसे समजून घ्यावे

ऑस्ट्रेलियन फुटबॉल नव्याने पाहू इच्छिणाऱ्या नाशिककरांनी सर्वाधिक विजेतेपदे मिळवणाऱ्या क्लबऐवजी वेस्टर्न बुलडॉग्जपासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. मेलबर्नच्या पश्चिमेकडील कामगारवस्तीतला, पूर्वी फुट्सक्रे या नावाने खेळणारा हा क्लब १९५४ साली प्रथम विजेता ठरला आणि दुसऱ्या विजेतेपदासाठी त्याला २०१६ पर्यंत वाट पाहावी लागली. १९८९ मध्ये फिट्झरॉय क्लबशी त्याचे विलीनीकरण जवळपास ठरलेच होते. सामान्य चाहत्यांनी वर्गणी गोळा केली म्हणून तो वाचला. एवढे आधी वाचून ठेवावे, नाहीतर अंतिम सामना संपल्यावर प्रेक्षक का रडतात हे कळणार नाही.

सामना लावण्यापूर्वी गुणफलक वाचायला शिकावे. मैदान क्रिकेटचेच असते, म्हणजे आपल्या अनंत कान्हेरे मैदानासारखे लंबगोल, आणि त्यावर प्रत्येक बाजूचे १८ खेळाडू उतरतात. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथेने गेला तर गोल, म्हणजे ६ गुण, आणि कडेच्या खांबांतून गेला तर बिहाइंड, म्हणजे १ गुण. त्यामुळे २०१६च्या अंतिम सामन्यातले बुलडॉग्जचे १३.११ (८९) म्हणजे १३ गोल, ११ बिहाइंड, एकूण ८९ गुण. प्रतिस्पर्धी सिडनी स्वान्सचे १०.७ (६७) याच हिशेबाने स्वतः मांडून पाहावे, मग फलक पुन्हा कधी परका वाटत नाही.

हाताने चेंडू फेकण्यास मनाई आहे. एका तळहातावर धरलेला चेंडू दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोकून सहकाऱ्याकडे द्यावा लागतो, आणि त्या मोसमात बुलडॉग्जचे बळ याच झटपट देवघेवीत होते. म्हणून पहिल्या चतुर्थांशात चेंडूमागे नजर न धावू देता, घोळक्यात सापडलेल्या खेळाडूच्या मुठीकडे पाहावे.

मात्र थेट अंतिम सामन्यावर उडी मारू नये, कारण या विजेतेपदाचे खरे मोल तिथवरच्या वाटेत आहे. तेव्हाच्या रचनेत साखळीनंतर ८ संघ पुढे जात. पहिल्या चौघांना आयपीएलमधल्या वरच्या दोन संघांप्रमाणे हरल्यावरही एक संधी मिळे, उरलेल्यांना नाही. सातव्या क्रमांकावरच्या बुलडॉग्जला सलग चार सामने जिंकणे भाग होते आणि सातव्या स्थानावरून त्यापूर्वी कोणीही विजेता ठरले नव्हते. त्यांनी पर्थमध्ये वेस्ट कोस्टला, मग आधीची तीन वर्षे विजेत्या असलेल्या हॉथॉर्नला हरवले आणि सिडनीत ग्रेटर वेस्टर्न सिडनीवर ८९-८३ असा विजय मिळवला. वेळ कमी असेल तर पहिले दोन सामने सारांशात पाहावेत. तिसरा मात्र संपूर्ण पाहावा. त्या वर्षी बाद फेरीपूर्वी प्रथमच एका आठवड्याची विश्रांती ठेवली गेली होती आणि जखमी खेळाडू परतलेल्या बुलडॉग्जला तिचा मोठा लाभ झाला, हेही ध्यानात असू द्यावे.

अंतिम सामना १ ऑक्टोबर २०१६ रोजी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर झाला; आपल्याकडे त्या दिवशी घटस्थापना होती. शेवटच्या चतुर्थांशातला एक क्षण थांबवून पुन्हा पाहावा. डेल मॉरिस हा अनुभवी बचावपटू सिडनीच्या लान्स फ्रँकलिनला मागून गाठतो, चेंडू निसटतो, टॉम बॉइड तो उचलून फार लांबून लाथाडतो आणि चेंडू टप्पे खात खांबांमधून आत जातो. गोल बॉइडच्या नावावर लागला, पण मला त्याचे श्रेय मॉरिसच्या त्या पकडीला द्यावेसे वाटते. मणक्याला इजा झालेली असताना तो खेळला होता, हे नंतर उघड झाले.

पदकवितरण संपेपर्यंत उठू नये. गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर राहिलेला कर्णधार बॉब मर्फी याला प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज मंचावर बोलावतात आणि स्वतःचे पदक त्याच्या गळ्यात घालतात.

यानंतर एखादा ताजा अंतिम सामना थेट पाहण्याचा बेत जरूर करावा. तो सहसा सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मेलबर्नच्या वेळेनुसार दुपारी अडीचला, म्हणजे नाशिकमध्ये सकाळी दहाला सुरू होतो. मित्रमंडळींना साडेनऊलाच बोलवावे आणि त्या अर्ध्या तासात गोल-बिहाइंडचा हिशेब त्यांनाही शिकवून ठेवावा.