थकवा जावा म्हणून ओमेगा-3, लेसिथिन, लोहाच्या गोळ्या घेताय? या चुका टाळा

पेशीचं आवरण म्हणजे स्निग्ध पदार्थांचा दुपदरी पडदा. पेशीत काय शिरेल आणि बाहेर काय पडेल, हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो, आणि तो कशाचा घडेल हे आपण कोणतं तेल, कोणते मासे खातो यावर अवलंबून असतं. रोजच्या कामाची ताकद मात्र पेशीच्या आत, मायटोकॉन्ड्रियात तयार होते. त्यासाठी प्राणवायू पोचावा लागतो, म्हणजे रक्तात लोह हवं, आणि बी-गटातली जीवनसत्त्वंही हवीत. ही दोन कामं वेगळी आहेत. दमून जाणाऱ्या माणसाला फिश ऑइलची कॅप्सूल दिली आणि त्याचं हिमोग्लोबिन 9 असेल, तर कॅप्सूल कितीही चांगली असो, थकवा हटणार नाही.

म्हणून खरेदीआधी रक्त तपासा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-12, थायरॉइडसाठी टीएसएच आणि साखरेसाठी एचबीए1सी. पावसाळ्यात शेतात उतरणाऱ्याला तापासोबत अंग मोडून येत असेल, तर ताकदीच्या गोळ्यांचा विचारही करू नका. तो लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप, असू शकतो. त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा.

बाटलीवरचा 1000 हा आकडा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘फिश ऑइल 1000 मिग्रॅ’ लिहिलेलं असतं. ते नुसतं तेलाचं वजन. आपल्याला हवेत त्यातले ईपीए आणि डीएचए, म्हणजे माशांतले दोन मुख्य ओमेगा-3. बाटली उलटी करून बारीक तक्ता वाचा. साध्या कॅप्सूलमध्ये बहुधा ईपीए 180 आणि डीएचए 120, म्हणजे मिळून 300 मिग्रॅ असतात. शिवाय तक्ता एका कॅप्सूलचा आहे की दोनचा, हेही बघा. ‘सर्व्हिंग’ दोन कॅप्सूलचं असेल तर आकडे निम्मे धरा. निरोगी प्रौढाला दिवसाला दोन्ही मिळून 250 ते 500 मिग्रॅ पुरतात.

आता हिशेब आपल्या ताटाचा. आठवड्यातून दोन-तीनदा बांगडा किंवा तारली पोटात जात असेल, तर बहुतेकांची गरज तिथेच भागते. हे मासे तेलकट, आणि नेमकं तेच तेल आपल्याला हवं असतं. बोंबील आणि कोळंबीत ते बरंच कमी. तिरफळं घालून केलेल्या बांगड्याच्या तिखल्यात माशातून सुटलेलं तेल रश्शातच राहतं, म्हणून ताटात रस्सा उरवू नका. खोल तेलात तळला तर त्यातलं काही तेल कढईत उतरतं.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, आणि पुढे श्रावण पाळणारी घरं. या काळात ‘ओमेगा संपला’ म्हणून घाबरायचं कारण नाही. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण 120 दिवसांचं, तिच्या आवरणातलं तेल हळूहळूच बदलतं. हाच नियम उलट्या बाजूनेही लागू होतो: कॅप्सूल सुरू करून पंधरा दिवसांत फरक शोधू नका, तीन-चार महिने धरून चला.

मासे न खाणाऱ्यांनी जवसाच्या चटणीवर सगळी भिस्त ठेवू नये. जवस चांगलाच आहे, पण त्यातल्या एएलए या वनस्पतींतल्या ओमेगा-3चं ईपीए-डीएचएमध्ये रूपांतर शरीर फार थोडं करतं. त्यांच्यासाठी शेवाळाच्या तेलाची कॅप्सूल मिळते. तिचं बाहेरचं कवच जिलेटिनचं नाही ना, हे पाकिटावरच्या हिरव्या खुणेवरून पाहा.

लेसिथिनचंही असंच. 1200 मिग्रॅच्या सोया लेसिथिन कॅप्सूलमधून मिळणारं कोलीन (पेशीच्या आवरणाला लागणारा घटक) एका अंड्याच्या बलकातल्या कोलीनच्या निम्म्याहून कमी भरतं. अंडं खाणाऱ्याने ही बाटली घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दमट हवेत कॅप्सूल खवट होते

कोकणात ही अडचण घरोघरची, आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. माशाचं तेल उष्णतेने, उजेडाने आणि हवेने लवकर बिघडतं. गॅसशेजारची फळी, देवघराची खिडकी, फ्रिजच्या वरची जागा, या तिन्ही वाईट. पावसात मऊ कॅप्सूल ओल धरून एकमेकींना चिकटतात.

संशय आला तर एक कॅप्सूल कात्रीने कापून वास घ्या. ताज्या तेलाला माशाचा हलका वास येतो. जुन्या रंगासारखा, उग्र, नाकात बसणारा वास आला, तर बाटली टाकून द्या, तारीख शिल्लक असली तरी. लिंबाचा स्वाद घातलेल्या कॅप्सूलमध्ये ही परीक्षा अवघड जाते, त्यामुळे मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. 30 किंवा 60 ची घ्या. आतली सिलिकाची पुडी काढून फेकू नका आणि महिन्याच्या गोळ्या स्टीलच्या डबीत काढून ठेवू नका. फ्रिजमध्ये ठेवायच्या तर झाकण घट्ट लावून ठेवा. गार बाटली बाहेर उघडी राहिली की आत पाणी सुटतं.

घेतल्यावर माशाचे ढेकर येत असतील, तर रिकाम्या पोटी घेणं थांबवा. दुपारच्या मुख्य जेवणाच्या मध्ये घ्या. तेलकट जेवणाबरोबर ती शोषलीही नीट जाते.

लोहाची गोळी चालू आहे, हिमोग्लोबिन हलत नाही

पहिला संशय चहावर. गोळी आणि चहा यांत किमान एक तास, शक्यतो दोन तास जाऊ द्या. दूध आणि कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी नको. लिंबूपाण्यासोबत घेतली तर शोषण वाढतं. थायरॉइडची गोळी घेत असाल, तर तिच्यात आणि लोहात चार तासांचं अंतर हवं.

गोळीने पोट आवळत असेल, मळमळत असेल, तर बंद करण्याआधी डॉक्टरांना एक दिवसाआड घेण्याबद्दल विचारा. रोज घेतल्यावर यकृत हेप्सिडिन हे लोह अडवणारं संप्रेरक वाढवून पुढच्या गोळीचं शोषण रोखतं. एक दिवस मध्ये गेला की ते उतरतं. शौच काळं होणं नेहमीचंच. गरोदर बाईने मात्र स्वतःच्या मनाने काही बदलू नये: सरकारी गोळीत 60 मिग्रॅ लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं, ती चौथ्या महिन्यापासून रोज घ्यायची, आणि आशाताईंकडे ती मोफत मिळते.

एवढं करूनही आकडा वर येत नसेल, तर जंत बघा. भाताच्या खाचरात अनवाणी काम करताना अंकुशकृमी पायातून शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. वरून लोह ओतत राहून उपयोग नाही, आधी जंतांचं औषध. खाचरातली माती तुडवायची तर पायात गमबूट हवेत. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही शरीरातला साठा भरायला सुमारे तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. बरेच जण इथेच सोडतात आणि पुन्हा घसरतात.

लेप्टो टाळण्यासाठी दिलेली डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविकाची गोळी लोह, कॅल्शियम किंवा दुधाबरोबर गिळू नका, तिचा परिणाम कमी होतो. ती गोळी असेल त्या दिवशी लोह वगळायचं का, हे गोळी देणाऱ्यालाच विचारून घ्या.

बाकीच्या

तिसऱ्या-कालवं खाणाऱ्यांना बी-12 भरपूर मिळतं, तरी वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी घेणाऱ्याचं ते उतरू शकतं. बी-12 तपासल्याशिवाय नुसतं फॉलिक अ‍ॅसिड मोठ्या प्रमाणात घेतलं, तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. हातापायाला मुंग्या येतात म्हणून नसांच्या दोन-दोन गोळ्या एकदम घेऊ नका: त्यातलं बी-6 जास्त दिवस जास्त प्रमाणात गेलं तर त्यानेच मुंग्या येतात.

ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज घेतली की रक्तात कॅल्शियम चढतं. तहान, उलट्या, बद्धकोष्ठता होते आणि मूत्रपिंडाला धोका पोचतो. कॉड लिव्हर ऑइलमध्ये अ जीवनसत्त्व असतं, गरोदरपणात ते टाळा.

रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल, तर फिश ऑइल, व्हिटॅमिन ई आणि कोक्यू10 यांतलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. केसांसाठी बायोटिन घेत असाल, तर थायरॉइडची तपासणी करण्यापूर्वी लॅबला तसं सांगा आणि किमान दोन दिवस ते बंद ठेवा. नाहीतर अहवालातले आकडे चुकीचे येतात.