ग्राफिक्स कार्ड घेताना या चुका टाळा: सुरुवात कार्डापासून करू नका

गेल्या श्रावणात ऐरोलीहून भाच्याचा फोन आला. "मामा, नवीन कार्ड खराब निघालं. गेम सुरू केला की पंधरा मिनिटांत स्क्रीन काळी होते आणि पंखे बोंबलायला लागतात." कार्ड होतं आरटीएक्स ५०६० टीआय, घेऊन चार दिवस झालेले. मागून ताईने ऐकवलंच, "एवढे पैसे घातलेत, आता तूच ये आणि बघ." रविवारी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडली. कॅबिनेटची बाजू उघडली तर आधी जळका वास आला, मग कारण दिसलं. जुन्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात, कार्डासाठीची आठ पिनांची वायरच नव्हती. दुकानदाराने हार्ड डिस्कच्या साटा वायरवर कन्व्हर्टर लावून कार्ड चालू करून दिलं होतं. कन्व्हर्टरचं पांढरं प्लॅस्टिक कडेने चहाच्या रंगाचं झालं होतं.

कार्ड ठणठणीत होतं. दोष हिशोबात होता, आणि तो हिशोब दुकानात कुणी केलाच नव्हता. हे कार्ड १८० वॅटपर्यंत खातं. मदरबोर्डावरचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, उरलेले शंभरेक वॅट वायरीतून यायला हवेत. आठ पिनांची खरी वायर १५० वॅटसाठी बनवलेली असते, म्हणजे तिच्यावर ताण नाही. साटाचा कनेक्टर ५४ वॅटचा. दुप्पट ओझं घातलं की तो आधी तापतो, मग वितळतो.

एसएमपीएसवर बाहेर ठळक अक्षरांत '४५० वॅट' होतं. मी खालचा बारीक तक्ता वाचला: १२ व्होल्टच्या रांगेत १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही या १२ व्होल्टवरच जगतात, म्हणजे प्रत्यक्षात कामाला आलेली ताकद निम्मीसुद्धा नाही. कार्ड घ्यायला निघण्याआधी घरच्या एसएमपीएसचा हा तक्ता मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ५०६० साठी कंपनी ५५० वॅट सांगते, ५०६० टीआयसाठी ६००. मी ओळखीच्या माणसाला ८० प्लसचा (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र असलेला) ६५० वॅटचा एसएमपीएस घ्यायला सांगतो, आणि बजेट ताणलं जात असेल तर कार्ड एक पायरी खालचं घे म्हणतो. हे कुणालाच आवडत नाही.

वायरीचंच आणखी एक. प्रोसेसरसाठीची आठ पिनांची वायर कार्डाच्या वायरीसारखीच दिसते, पण तिच्यात प्लस-मायनस उलटे असतात. बसत नसेल तर जोर लावू नका. मॉड्युलर, म्हणजे सुट्या होणाऱ्या वायरींचा, एसएमपीएस बदलला तर जुन्याच्या वायरी नव्याला लावू नका, टोक बसलं तरी आतली जोडणी वेगळी असू शकते. घरी ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो बहुतेक ३६० वॅटचा असतो. मिडरेंज कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून गेममध्ये त्याच्या काठावर पोचतात. लाइट गेल्यावर पीसी पटकन बंद पडला तर कार्डाला बोल लावू नका.

आता खरेदीकडे. ठाण्याचा माणूस दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरतो, लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारतो: "पस्तीस-चाळीसमध्ये चांगलं कार्ड कुठलं?" त्याआधी दुकानदाराने विचारायला हवं, "मॉनिटर कुठला आहे?" घरी २४ इंची, १०८०पी, ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं (फ्रेम्स) दाखवणारा, मॉनिटर असेल तर महाग कार्डाच्या बऱ्याचशा फ्रेम्स तुम्हाला दिसणारच नाहीत. त्यापेक्षा थोडं हलकं कार्ड आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर घ्या. मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर नव्या कार्डांवर ते भोकच नसतं, हे घरी येऊन कळायला नको. आणि १४४ हर्ट्झचा घेतलात तरी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन आकडा स्वतः बदला. नवा मॉनिटर कित्येक महिने ६० वरच चाललेला मी स्वतः पाहिला आहे, मालक खूश होता.

सर्वांत महागडी चूक मात्र नावाची. एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं विकली जातात. २०२१ चं आरटीएक्स ३०६० मुळात १२ जीबी मेमरीचं होतं आणि त्या मेमरीची वाट १९२ बिट रुंद होती. नंतर त्याच नावाने ८ जीबी, १२८ बिटचं आलं, जे हळू आहे. ५०६० टीआय आणि रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी दोन्ही ८ आणि १६ जीबीत मिळतात. २०२५ मध्ये अमेरिकेत या दोन्हींच्या ८ आणि १६ जीबीच्या किमतींत ५० डॉलरचा फरक ठेवला होता. आपल्याकडे तो फरक दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतो. 'सेम कार्ड, स्वस्त पडेल' असं कानावर आलं की बॉक्सवरचा जीबीचा आकडा स्वतः वाचा.

८ जीबी वाईट नाही. फक्त व्हॅलोरंट किंवा सीएस२ खेळणाऱ्याला ते पुरतं. पण नव्या मोठ्या गेममध्ये टेक्स्चर (भिंती, जमीन यांवरची बारीक चित्रं) अल्ट्रावर ठेवले की मेमरी भरते. सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाच्या फ्रेम्सचा आकडा, चांगला दिसतो, पण वळणावर मध्येच गेम अडखळतो, किंवा भिंती धूसर राहतात आणि मग एकदम स्पष्ट होतात. हे दिसलं तर आधी टेक्स्चर एक पायरी खाली आणा. बाकी सेटिंग तशाच ठेवून अडखळणं थांबलं, तर दोष मेमरीचा.

जुन्या बोर्डवाल्यांना याचा फटका दुप्पट बसतो. ५०६० आणि ५०६० टीआय स्लॉटच्या १६ पैकी ८ च लेन (डेटाच्या वाटा) वापरतात. बी४५० बोर्ड, किंवा बी५५० वर रायझेन ५६००जी प्रोसेसर असेल, तरी स्लॉट तिसऱ्या पिढीचा चालतो आणि प्रत्येक लेनचा वेग चौथ्या पिढीच्या निम्मा होतो. मेमरीत जागा असेपर्यंत फारसा फरक जाणवत नाही. भरली की मात्र डेटा त्याच अरुंद बोळातून ये-जा करतो. जुना बोर्ड असेल तर १६ जीबीच घ्या. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबीचं आहे, त्या आकड्यावर भुलायला होतं, पण त्याला रिसायझेबल बार लागतो, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) तो नसेल तर त्या कार्डाकडे बघूही नका.

जाहिरातींतल्या आलेखांबद्दल एवढंच, की फ्रेम जनरेशन चालू करून दाखवलेला आकडा वेगळा मोजा. मधल्या फ्रेम्स कार्ड स्वतः बनवतं, त्याने चित्र गुळगुळीत दिसतं, पण माऊसची हालचाल पोचायला लागणारा वेळ कमी होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे जेन्सन ह्वांग यांनी आरटीएक्स ५०७० मध्ये ४०९० ची कामगिरी मिळेल असं मंचावरून सांगितलं, ते याच करामतीच्या भरवशावर.

कार्ड लावल्यावर एफपीएस वाढलाच नाही? आधी मागे जाऊन बघा, एचडीएमआयची वायर बोर्डात तर नाही ना. हसू नका, हे फार होतं. ती कार्डातच असेल तर गेम चालू ठेवून जीपीयूचा, म्हणजे कार्डाच्या चिपचा, वापर बघा. ९५ टक्क्यांच्या पुढे असेल तर कार्ड पूर्ण राबतंय. पन्नास-साठवर रेंगाळत असेल आणि एफपीएसवर मर्यादा घातलेली नसेल, तर अडचण प्रोसेसरची किंवा रॅमची. रॅमची एकच पट्टी असेल तर तिच्यासारखी दुसरी आणा, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा.

मोजपट्टी विसरू नका. तीन पंख्यांचं कार्ड ३०० मिलिमीटरच्या वर जाऊ शकतं. स्लॉटपासून पुढच्या पंख्यापर्यंतचं अंतर शाळेच्या पट्टीने मोजलं तरी चालतं. तापमानाचा संशय असेल तर बाजूची काच काढून अर्धा तास खेळा. आकडा आठ-दहा अंशांनी उतरला तर कार्ड नाही, कॅबिनेट कोंडलंय. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना धुळीबद्दल मी काय सांगू. फक्त ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, उलटा भिरभिरू देऊ नका.

सेकंडहँड घेणार असाल तर स्टेशनवर भेटून बॉक्स हातात घेऊन परत येऊ नका. विकणाऱ्याच्या घरी, त्याच्याच पीसीवर अर्धा तास गेम चालवून बघा, पंख्यांचा आवाज ऐका, आणि कार्डावरचा सिरियल नंबर बॉक्सशी आणि बिलाशी जुळवा. बिल नसेल तर वॉरंटी नाही असंच धरून भाव करा.

भाच्याने त्याच आठवड्यात ६५० वॅटचा एसएमपीएस आणला. तो जळका कन्व्हर्टर मी पिशवीत घालून घरी आणला, कुणी साटावरून कार्ड चालवायचं म्हणालं की काढून हातात देतो.