मोबाइल इंटरनेटचा हिशेब स्वतःच्या हाती कसा ठेवावा

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, पहिले काही महिने डेटा फुकट मिळाला आणि पाहता पाहता इंटरनेट ऑफिसातल्या संगणकावरून उतरून भाजीच्या गाडीवर, लोकलच्या डब्यात आणि चाळीच्या गॅलरीत येऊन पोहोचले. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सेवेचा प्रारंभ झाला, तेव्हा ती सर्वप्रथम मिळालेल्या शहरांत मुंबई होती. तरीही आमच्या गिरगावात साठी ओलांडलेल्या कित्येकांच्या फोनचे रिचार्ज मुलगा करतो, सेटिंग नातू बदलतो, आणि ते दोघे घराबाहेर पडले की काही अडल्यास विचारायचे कोणाला, हा प्रश्न उरतो. अशा शेजाऱ्यांना मी शनिवारी दुपारी फोन शिकवते. कुठलेही अ‍ॅप शिकण्याआधी पॅकचा आणि डेटाचा हिशेब शिकून घ्यावा, असे माझे अनुभवान्ती ठाम मत झाले आहे.

पॅक घेताना नुसती किंमत पाहू नये. किमतीला दिवसांनी भागून रोजचा खर्च काढावा. ‘महिन्याचा’ म्हणून सांगितला जाणारा पॅक पुष्कळदा २८ दिवसांचा असतो, आणि त्यामुळे वर्षात बारा नव्हे, तर तेरा रिचार्ज करावे लागतात. ट्राय म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर नियमन ठेवणारी सरकारी संस्था. तिने २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा किमान एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा किमान एक पॅक ठेवणे बंधनकारक केले आहे. दुकानदार असा पॅक आपणहून दाखवीलच असे नाही, म्हणून स्पष्ट शब्दांत मागून घ्यावा. रिचार्ज झाल्याबरोबर, दुधाचा खाडा जसा भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडतो, तशीच पॅक संपण्याची तारीख तेथे मांडावी. १ मार्चला घेतलेला २८ दिवसांचा पॅक २८ मार्चला संपतो आणि त्यापुढचा २५ एप्रिलला, म्हणजे तारीख दर खेपेस मागे सरकते आणि केवळ आठवणीवर विसंबले की नेमका सणाच्या दिवशी फोन बंद पडतो. ज्यांना इंटरनेट लागतच नाही, किंवा ज्यांच्या घरी वायफाय आहे, त्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक मागावा. डिसेंबर २०२४ च्या ट्रायच्या नियमानुसार कंपन्यांना तोही ठेवावा लागतो.

आता डेटाविषयी, कारण खरी गळती येथेच होते. आमच्या मजल्यावरच्या आजींना रोज दीड जीबी मिळत असे आणि सकाळी अकराच्या आत तो संपत असे. फोन बिघडला, असेच त्यांना वाटत होते. वास्तविक रोजची मर्यादा संपली की बहुतेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर, म्हणजे अगदी गोगलगायीच्या चालीवर येतो. लिहिलेला निरोप कसाबसा जातो, फोटो मात्र गोल फिरत राहतो. आम्ही सेटिंगमध्ये जाऊन ‘डेटा वापर’ उघडले. तेथे कोणत्या अ‍ॅपने किती डेटा खाल्ला, ते उतरत्या क्रमाने दिसते. सर्वांत वर व्हॉट्सअ‍ॅप होते: चाळीचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप, आणि प्रत्येकावर पहाटेपासून उतरणारी सुप्रभातची चित्रे व अभंगांचे व्हिडिओ.

यावरचा उपाय दोन मिनिटांचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ उघडावे, त्यात मीडिया आपोआप डाउनलोड होण्याचा भाग शोधावा, आणि मोबाइल डेटासाठी फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट या चारही खुणा काढाव्यात. त्यानंतर आलेले चित्र धूसर दिसते आणि त्यावर एक बाण व फाइलचा आकार येतो. पाहायचे असेल तरच त्या बाणावर बोट ठेवावे. आजी आता आधी आकडा वाचतात, मग ठरवतात. यूट्यूबवरही व्हिडिओची गुणवत्ता ३६०p वर ठेवावी. हातातल्या पडद्यावर कीर्तन ऐकताना फारसा फरक जाणवत नाही, पण १०८०p वर तेच कीर्तन कितीतरी पट डेटा घेते.

नेटवर्क नीट मिळत नसेल तर नंबर न बदलता कंपनी बदलता येते. मात्र जुन्या चाळींच्या जाड भिंतींमुळे पुढच्या गॅलरीत भरपूर आणि मागच्या स्वयंपाकघरात काहीच नाही, असे सर्रास होते. म्हणून नव्या कंपनीचे सिम असलेल्या शेजाऱ्याला घरात बोलावून, ज्या खोलीत आपण दिवसभर असतो तेथे उभे राहून आधी पडताळून पाहावे. मग पोर्ट हा शब्द इंग्रजीत मोठ्या लिपीत लिहून, एक जागा सोडून आपला नंबर घालावा आणि १९०० वर एसएमएस करावा. परत येणारा कोड नव्या कंपनीला द्यायचा असतो, आणि तो मुंबईत चार दिवस चालतो. जुन्या पॅकचे उरलेले दिवस नव्या कंपनीकडे येत नाहीत, त्यामुळे पॅक संपत आला असतानाच हे करावे.

पैशांच्या बाबतीत मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोटून घेते: यूपीआयचा पिन पैसे देताना आणि शिल्लक पाहताना लागतो, पैसे येण्यासाठी कधीही लागत नाही. बिल थकले आहे, आज रात्री जोडणी तोडू, असा निरोप आणि सोबत उघडण्यासाठी एखादी फाइल आली, तर ती उघडू नये. हातातल्या छापील बिलावरच्या क्रमांकावर स्वतः फोन करून विचारावे. तरीही पैसे गेलेच, तर लाजेने किंवा घरच्यांच्या भीतीने गप्प बसू नये. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी अडवता येणे वेळेवर अवलंबून असते.

शेवटी, *#०६# दाबल्यावर दिसणारा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहून ठेवावा, दोन सिमच्या फोनमध्ये दोन्ही. लोकलच्या गर्दीत फोन गेला, तर पोलिसांत तक्रार नोंदवून संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तो फोन बंद करून घेता येतो, आणि तेथे हा क्रमांक विचारला जातो. आजींनी तो कॅलेंडरच्या शेवटच्या पानावर लिहिला आहे. जानेवारीत जुने कॅलेंडर रद्दीत जाण्याआधी तो नव्यावर उतरवून घ्यायचा, हेही त्यांनी डिसेंबरच्या चौकटीत आत्ताच लिहून ठेवले आहे.