घरचं प्लास्टिक विकायचं तर आधी त्याची जात ओळखा

एका घराच्या प्लास्टिकचे पैसे फार होत नाहीत, हा हिशेब आधी मांडा. अर्ध्या लिटरची दुधाची रिकामी पिशवी जेमतेम अडीच-तीन ग्रॅम भरते. रोज दोन पिशव्या घेणाऱ्या घरात महिन्याला ६० पिशव्या, म्हणजे पावणेदोनशे ग्रॅमच्या आतबाहेर. तेच ४० घरांच्या सोसायटीने एकत्र केलं तर महिन्याला ७ किलोच्या आसपास माल होतो, आणि तेवढ्यासाठी भंगारवाला दारात येतो. म्हणून आधी शेजाऱ्यांना सोबत घ्या.

भंगारवाल्याला नुसतं ‘प्लास्टिक काय भावाने घेता?’ असं विचारू नका. तो मिक्स मालाचा भाव सांगतो आणि तो सगळ्यात खालचा असतो, कारण निवडायची मजुरी तो तुमच्याच पैशातून कापतो. ‘पेट बाटली काय भाव, दुधाची पिशवी काय भाव, डबे-बादल्या काय भाव’ असं सुटंसुटं विचारा.

निवड कशी करायची? डब्याच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पेट : पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या. २ म्हणजे एचडीपीई : शाम्पूच्या, फिनेलच्या दुधी किंवा रंगीत बाटल्या. ४ म्हणजे एलडीपीई. दुधाच्या पिशव्या याच घरातल्या, पण त्यांच्यावर आकडा दिसेलच असं नाही. ५ म्हणजे पीपी : हॉटेलच्या पार्सलचे डबे, बरीचशी झाकणं. ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे इतर. वेफर्सची चकचकीत पाकिटं, शाम्पूच्या पुड्या यांत वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. त्यांना सहसा गिऱ्हाईक मिळत नाही. ती गोणीत टाकलीत तर चांगल्या मालाचाही भाव पडतो.

आकडा दिसत नसेल तर नखाएवढा तुकडा कापा, ग्लासभर पाण्यात साबणाचा एक थेंब टाका आणि तुकडा बोटाने पाण्याखाली दाबून सोडा. साबण नसेल तर हलका तुकडा पाण्याच्या पृष्ठभागावर उगाच तरंगत राहतो आणि फसवतो. वर आला तर एचडीपीई, एलडीपीई किंवा पीपी. तळाशी बसला तर पेट, पीव्हीसी किंवा पॉलिस्टायरीन. काही जण तुकडा जाळून वासावरून ओळखतात. ते मुळीच करू नका. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ते छातीत जातं.

पेटमध्ये पीव्हीसी मिसळणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पेट वितळतं २५० अंशांच्या वर, आणि तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी करपून सगळा माल पिवळा-काळा करतं. बाटली उलटी करून तळ पाहा : पेटच्या तळाला मधोमध टिंबासारखा उंचवटा असतो, पीव्हीसीच्या तळाला आडवी सांधरेघ. बाटलीला घट्ट बसलेली प्लास्टिकची लेबलंही पुष्कळदा पीव्हीसीची असतात, तेव्हा ती फाडून काढाच.

आता धुणं. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका; तो चिमुकला तुकडा मोरीत जातो आणि कुणालाच परत मिळत नाही. नुसती चीर द्या, कोपरा पिशवीलाच लटकू दे. पिशवी रिकामी झाली की लगेच थोड्या पाण्याने विसळा, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलीत तर वास जात नाही. मग आडवी कापून उघडा आणि दोरीवर चिमट्याने वाळत घाला. तेलाची पिशवी आणि बाटली वेगळीच ठेवा. पेट बाटली उकळत्या पाण्याने धुऊ नका, ती आकसते. झाकण आणि झाकणाखालची कडी काढून बाटली पायाखाली चपटी करा. झाकण तसंच ठेवलं तर हवा आत अडकते आणि गोणी चार दिवसांत भरते. एक लिटरच्या ४०-५० बाटल्या मिळून साधारण किलो भरतं, त्यामुळे चपट्या केल्याशिवाय साठवायला जागा पुरत नाही.

ओला माल विकायला नेऊ नका. पाण्याच्या नावाने कडता, म्हणजे वजनातली घट, कापला जातो, आणि तो किती हे समोरचा ठरवतो. गोण्या सावलीत ठेवा. विणलेली प्लास्टिकची गोणी काही महिने उन्हात राहिली की तिचा भुगा होतो, आणि तो झाडूनही निघत नाही.

विकायच्या दिवशी दोन-तीन दुकानांत भाव विचारा; भाव सारखा खालीवर होत असतो. हुकचा छोटा काटा घरी असू द्या. एक किलो मिठाचा न फोडलेला पुडा लावून तो तपासा, मग प्रत्येक गोणीचं वजन चिठ्ठीवर लिहून गोणीलाच बांधा. दुकानाच्या काट्यावर वैधमापन विभागाची मोहोर आहे का तेही बघा.

एक गोष्ट मात्र माल विकण्याआधीच करा. तुमच्याकडे रोज कचरा उचलायला येणाऱ्या ताईंशी बोला. पुण्यात ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेचे कचरावेचक आहेत, त्यांच्या कमाईचा मोठा भाग याच सुक्या मालातून येतो. तुमच्या गोण्या म्हणजे त्यांच्या हातचे पैसे असतील, तर निवडलेला, धुतलेला माल त्यांनाच द्यावा, किंवा विक्रीतला त्यांचा वाटा आधीच ठरवून वहीत लिहावा.