हॉकी संघ नव्यानं बांधताय? या चुका टाळा

ग्वाल्हेरात हॉकीचा विषय निघाला की कॅप्टन रूपसिंह आणि १९३२ चं लॉस एंजेलिस ऑलिंपिक येतंच. अमेरिकेवर भारताचा २४-१ विजय, त्यात त्यांचे एकट्याचे १० गोल. अभिमान आहेच, पण त्यापायी आमच्याकडे एक समज घट्ट बसलाय: संघ ढासळला की गोल मारणारा आणायचा, बाकीचं आपोआप सावरतं. सावरत नाही. संघ जोड्यांनी उभा राहतो.

इथल्याच एका संघानं ओळीनं हरल्यावर बाहेरून भरपूर पैसे मोजून ड्रॅगफ्लिकर, म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर चेंडू ओढून गोलात भिरकावणारा, आणला. पैशांचा मेळ बसवायला दोघांना सोडलं. एक पेनल्टी कॉर्नरला बॅकलाइनवरून पुश देणारा, दुसरा डीच्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) बाहेर तो चेंडू अडवणारा स्टॉपर. दोघंही कुणाच्या डोळ्यांत न भरणारे. ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या टर्फवर मी त्यांचा बाद फेरीचा सामना पाहिला. पेनल्टी कॉर्नर मिळत होते, पण पुश कधी उसळत यायचा, कधी हातभर बाजूला. नवा स्टॉपर चेंडू थांबवेपर्यंत समोरचा रशर, म्हणजे गोलातून धावत येणारा बचावपटू, अंगावर आलेला असायचा. त्या फ्लिकरला नीट थांबलेला चेंडू मिळालाच नाही, आणि हरल्यावर शिव्या मात्र त्यानंच खाल्ल्या. मला फार वाईट वाटलं. मी यादी करताना पुश देणारा आणि स्टॉपर आधी लिहितो, फ्लिकर नंतर. आणि तिघांना सराव संपल्यावर रोज एकत्र थांबवतो.

हॉकी इंडिया लीगच्या २०२४ च्या लिलावात पुरुषांच्या प्रत्येक संघाकडे ४ कोटी होते, आणि त्यात २४ जण बसवायचे होते. भारताचा ड्रॅगफ्लिकर हरमनप्रीत सिंगला ७८ लाख मिळाले, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. त्याची तेवढी योग्यता आहे. पण असा मोठा आकडा बोलण्याआधी उरलेल्या २३ जणांचा हिशेब कागदावर हवा.

दुसरी चूक: गोलकीपर गेल्यावर गोलकीपर शोधायला निघणं. पॅरिस ऑलिंपिकच्या कांस्यपदकानंतर भारताचा गोलकीपर श्रीजेश निवृत्त झाला आणि दीड महिन्याच्या आत भारतानं एशियन चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली, कारण क्रिशन पाठक वर्षानुवर्षं त्याच्यामागे तयार होत होता. मुंबईचा सूरज करकेराही २०१७ लाच, श्रीजेश जखमी असताना आशिया कप जिंकणाऱ्या संघात आपल्या आकाश चिकटेबरोबर होता. दुसऱ्या कीपरला सोपे सामने आत्ताच द्या.

जुन्यांना एकदम काढू नका. २०२४-२५ ची लीग बंगालनं जिंकली, कप्तान होता भारतीय संघातून आधीच निवृत्त झालेला रूपिंदरपाल.

परदेशी खेळाडू पूर्ण हंगाम थांबणार का, हे बोली लावण्याआधी विचारा.

तीन सामने हरले म्हणून कोच बदलणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

आणि ज्युनियर. नियम आहे म्हणून घेतात आणि बाकावर बसवतात, याचा मला खरंच राग येतो. २०१६ ला लखनौमध्ये ज्युनियर विश्वचषक जिंकणाऱ्या पोरांतल्या सिमरनजीतनं पाच वर्षांनी टोकियोत, जर्मनीविरुद्धच्या कांस्यपदकाच्या सामन्यात दोन गोल केले. तेवढा धीर नसेल तर निदान एवढं करा: चौथ्या क्वार्टरमध्ये, आघाडी एकाच गोलाची असतानाही, एका ज्युनियरला मैदानात ठेवा.